सोने पाण्यात तोलणारे अल्बेरुनी

रमजान अर्ध्यावर आला की घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. कपाटातले दागिने बाहेर येतात, साडेसात तोळ्यांची मर्यादा ओलांडली का ते पाहिले जाते आणि चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढला जातो. हे सोने मुळात येते कुठून, ते खरे की खोटे हे ओळखायचे कसे आणि ते साठवायचे की फिरते ठेवायचे, या तीन प्रश्नांवर हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने बारकाईने लिहून ठेवले आहे. शाळेच्या पुस्तकात ते भारताचे वर्णन करणारे अल्बेरुनी म्हणून भेटतात. सोन्याचे पारखी ही त्यांची दुसरी ओळख फारशी कोणाला नसते.

अबू रैहान मुहम्मद इब्ने अहमद अल्बेरुनी यांचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिज्म प्रांतातल्या काथ या शहरी झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. फारसीत बेरून म्हणजे बाहेर. शहराबाहेरच्या वस्तीवरून हे नाव पडले असे मानतात. गणित आणि खगोलशास्त्र ते अबू नस्र मन्सूर या थोर गणितज्ञांकडे शिकले. विशीच्या सुरुवातीलाच राज्यात यादवी माजली आणि त्यांना घर सोडून पळावे लागले. पुढची कित्येक वर्षे एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेली. त्या फरफटीतही, तिशी गाठण्याच्या आत, निरनिराळ्या धर्मांची पंचांगे, सण आणि कालगणना यांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी लिहून पुरा केला.

१०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांना सोबत नेले. त्यांत अल्बेरुनी होते. वय चव्वेचाळीस. मान होता, पण मर्जीने कुठे जाण्याची मोकळीक नव्हती. त्या काळात गझनीत हिंदुस्थानातल्या लुटीचे सोने येत होते. दरबाराची नजर त्या सोन्यावर होती आणि अल्बेरुनींची नजर तिकडून येणाऱ्या पंडितांवर आणि पोथ्यांवर. त्या वयात ते संस्कृत शिकले. पंजाबात राहून त्यांनी पंडितांशी चर्चा केली आणि नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. १०३० मध्ये, महमूदाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, त्यांचा किताबुल हिंद पूर्ण झाला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली आणि लोकांच्या मनात कायमचा दुरावा पेरला, हे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा त्याच महमूदाच्या घराण्याचे राज्य होते.

पंजाबच्या पलीकडचा देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. जाणत्यांना विचारून त्यांनी वाटा लिहून घेतल्या. त्यांत धारहून दक्षिणेला उतरणारी, मरहट्ट देशावरून कोकणातल्या ठाण्याकडे जाणारी वाट आहे. धार नंदुरबारपासून लांब नाही. मध्ये सातपुडा आणि नर्मदा एवढेच. त्या वेळी धारला राजा भोजाचे राज्य होते आणि तिथली एक आख्यायिका अल्बेरुनींच्या कानावर आली होती. राजवाड्याच्या दारात चांदीचा एक लांबट तुकडा पडलेला असून त्यात माणसाच्या अवयवांचे आकार दिसतात, असे लोक सांगत. अमर होण्यासाठी एक किमयागार उकळत्या द्रवात उतरला. ठरल्या वेळी औषधाची शेवटची पुडी टाकायची ती राजाने भीतीपोटी टाकलीच नाही आणि त्या माणसाची चांदी झाली, अशी ती कथा. अल्बेरुनींनी ती सविस्तर लिहिली, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही. किमया हा त्यांच्या लेखी भ्रम होता. कोणतीही जमात त्यातून पूर्ण सुटलेली नाही, असे सांगून त्यांनी सोन्याच्या हव्यासापायी वाटेल त्या थराला जाणाऱ्या राजांवर ठपका ठेवला.

सोने बनवता येत नाही, तर ते मिळते कसे? याचे उत्तर त्यांनी उतारवयात लिहिलेल्या जवाहिर आणि धातूंवरच्या किताबुल जमाहिर या ग्रंथात आहे. हा ग्रंथ महमूदाचा नातू सुलतान मौदूद याच्या काळातला. सिंधू नदीच्या उगमाकडचे लोक पाण्याखाली लहान लहान खड्डे खणतात, त्यांत पारा भरतात आणि वर्षभराने परत येतात. वेगाने वाहणारे पाणी वाळूबरोबर सोन्याचे अतिशय बारीक पापुद्रे वाहून आणते. वाळू पुढे निघून जाते, सोने पाऱ्याला चिकटून राहते. पाहणाऱ्याला वाटते, पाऱ्याचेच सोने झाले. अल्बेरुनींनी यातली करामत बाजूला सारून कारण तेवढे सांगितले. सोने दगडात अडकलेले असेल, तर तो दगड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या घणांनी कुटायचा, धुवायचा, पाऱ्यात कालवायचा, कातड्यातून पिळायचा आणि उरलेला पारा आगीवर उडवायचा, ही कृतीही त्यांनी टप्प्याटप्प्याने दिली आहे.

ही कृती अजून जुनी झालेली नाही. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियातले लाखो गरीब लोक आजही याच पद्धतीने सोने काढतात आणि पाऱ्याची वाफ त्यांच्या फुफ्फुसात जाते. तिला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. भारतही त्यात सामील आहे. आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू धुऊन कण वेचले. सराफाच्या दुकानातली राख आणि केरकचरा धुणारा झारेकरी याच कष्टकऱ्यांचा शहरातला भाऊ. सोने हाताळणारे हे हात स्वतः कधी साडेसात तोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

सोने पारखण्याची अल्बेरुनींची रीत पाण्याची होती. निमुळत्या भांड्याला तोटी लावायची, ते काठोकाठ भरायचे, धातू आत सोडायचा आणि तोटीतून सांडलेले पाणी तोलायचे. सोन्याला शंभर धरून त्यांनी इतर धातू आणि रत्नांची तुलना केली. त्यांनी काढलेले आकडे आजच्या मापाच्या अगदी जवळ येतात. ऐकीव गोष्टींनाही त्यांनी हीच कसोटी लावली. पाचू पाहून साप आंधळा होतो असे सांगत. त्यांनी सापाला पाचूची माळ घातली, उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने हा प्रयोग चालवला आणि सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही असे लिहून टाकले.

याच ग्रंथाच्या सुरुवातीला ते सोन्याच्या मोलाकडे वळतात. सोने भूक भागवत नाही की तहान शमवत नाही. देवघेव सुकर व्हावी म्हणून माणसाने त्याला किंमत दिली. अनेकांच्या कष्टांनी जमिनीतून वर आलेले सोने पुन्हा जमिनीत पुरून ठेवणे म्हणजे ते जिथून आले तिथेच परत पाठवणे. कुरआनने साठेबाजांना दिलेल्या इशाऱ्याची आठवण त्यांनी इथे करून दिली आहे.

त्यांचे वागणेही या लिखाणाला धरून होते. खगोलशास्त्रावरचा मोठा ग्रंथ त्यांनी सुलतान मसूदला अर्पण केला, तेव्हा बक्षीस म्हणून हत्तीवर लादलेली चांदी आली. चरित्रकार सांगतात की ती त्यांनी खजिन्यात परत पाठवली. ऐंशीच्या घरातही ते औषधींवरच्या ग्रंथावर काम करत होते. १०५० च्या सुमारास गझनीत त्यांचा इंतकाल झाला. किताबुल जमाहिरचा अरबी मजकूर विसाव्या शतकात आपल्याच दख्खनमध्ये, हैदराबादच्या दायरतुल मआरिफने छापला.

त्यांच्या शेवटच्या दिवसाची एक आठवण सांगितली जाते. एक फकीह भेटायला आले होते. श्वास अडकत असतानाही अल्बेरुनींनी त्यांना विचारले, वारशाच्या वाटपात आजीच्या हिश्शाचा हिशेब कसा करायचा. अशा वेळी हे कशाला, असे पाहुण्यांना वाटले. पण ठाऊक नसताना जाण्यापेक्षा ठाऊक करून घेऊन जाणे बरे, असे अल्बेरुनींचे म्हणणे पडले. पाहुण्यांनी हिशेब समजावून सांगितला, अल्बेरुनींनी तो बरोबर म्हणून दाखवला. फकीह रस्त्याला लागले नाहीत तोच घरातून रडण्याचा आवाज आला.