पिटमन मास्तरांची तपासणी

इंग्रजी लघुलेखनाच्या वर्गात बसलेल्या आपल्याकडील कित्येक पिढ्यांना पिटमन हे एका माणसाचे नाव आहे याचा जवळजवळ विसरच पडलेला असे. पिटमन म्हणजे पुस्तक, मिनिटाला ऐंशी वा शंभर शब्दांची परीक्षा, आणि ती उतरल्यास कचेरीतील नोकरी. वस्तुतः आयझॅक पिटमन हे हाडाचे शाळामास्तर होते, आणि त्यांच्या कार्याचे मोल करावयाचे तर प्रथम मास्तर म्हणूनच केले पाहिजे.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८१३ रोजी इंग्लंडातील ट्रोब्रिज या गावी झाला. वडील कापड गिरणीत देखरेखीच्या कामावर होते. शाळा लवकर सुटली आणि मुलगाही गिरणीत कारकून झाला. वाचनाचे वेड मात्र सुटले नाही. त्यामुळे अनेक शब्दांचा अर्थ ठाऊक, पण उच्चार ठाऊक नाही अशी त्याची स्थिती झाली. तेव्हा त्याने वॉकरचा उच्चारकोश साद्यंत वाचून काढला. बोलल्याप्रमाणे लिहिण्याची सवय असलेल्या आपणा मराठी वाचकांना या कष्टांची कल्पना सहसा यावयाची नाही. पुढील सर्व उद्योगाचे मूळ मात्र येथेच आहे.

१८३१ मध्ये लंडनच्या बरो रोड संस्थेत अध्यापनाचे अल्पकालीन शिक्षण घेऊन ते बार्टन येथे व १८३६ पासून वॉटन-अंडर-एज येथे शिक्षक झाले. टेलर यांची जुनी लघुलिपी त्यांना येत होती. तिचे स्वस्त पुस्तक काढण्याचा विचार त्यांनी बॅगस्टर या प्रकाशकांकडे मांडला, तेव्हा जुन्याची नक्कल करण्यापेक्षा नवी पद्धत रचावी असा सल्ला मिळाला. त्यानुसार १५ नोव्हेंबर १८३७ रोजी चार पेन्स किमतीची त्यांची पुस्तिका निघाली. त्याच वर्षी स्वीडनबर्गपंथी मते स्वीकारल्याबद्दल शाळेने त्यांना कामावरून दूर केले होते. त्यांनी त्याच गावी स्वतःची शाळा काढली.

पद्धतीचे तत्त्व आपल्या वर्णमालेशी परिचित असलेल्यास चटकन उमगेल. प आणि ब, त्याचप्रमाणे क आणि ग, हे आपण एकेका वर्गात बसवितो. पिटमन यांनी अशा जोडीला एकच रेघ दिली, एकासाठी बारीक आणि दुसऱ्यासाठी जाड. स्वर टिंबांनी व आडव्या खुणांनी दाखवावयाचे आणि वेगात बहुधा गाळावयाचे. रेघ ओळीच्या वर, ओळीवर की ओळ छेदून, यावरून गाळलेल्या स्वराचा अंदाज बांधावयाचा. अर्थात हाताचा वेग हे अर्धेच कौशल्य झाले. स्वतःच लिहिलेले बिनचूक वाचून सुवाच्य अक्षरात उतरविता येणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक अवघड.

जानेवारी १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनी दराची टपाल व्यवस्था सुरू झाली. पिटमन आता बाथ शहरी आले होते. त्यांनी आपली सारी पद्धत एका तक्त्यावर छापून एक पेनीस विकावयास काढली आणि कोणीही टपालाने धडे पाठवावेत, ते विनामूल्य तपासून मिळतील, असे जाहीर केले. शिकणाऱ्याने बायबलातील उतारा लघुलिपीत लिहून पाठवावयाचा. चुका दुरुस्त होऊन तो त्याच्या हाती परत यावयाचा. काम एकट्यास झेपेना, तेव्हा १८४३ मध्ये तपासणीसाठी स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. लिपीहून हा शोध मोठा मानावा लागेल. आपल्या वाणिज्य परीक्षांत उमेदवार उतारा ऐकतो, लिहितो, उलगडून देतो. हाती पडतात ते बहुधा केवळ गुण. कोणती रेघ चुकली, वाचताना कोठे घसरलो, हे त्याला कोण सांगणार? परीक्षा जवळ आली की वर्गातही तेच तेच उतारे वेगाने घोटले जातात आणि कालचे लिखाण आज वाचून दाखविण्याचा तास बुडतो.

पिटमन यांचा एक दोष मात्र त्यांच्या गुणातूनच उपजला. वह्यांप्रमाणे आपली पद्धतही ते सतत तपासत राहिले. १८५७ च्या दहाव्या आवृत्तीत स्वरांचा क्रमच बदलला. अमेरिकेत तिचा प्रसार करणारे त्यांचे बंधू बेन यांनी हा बदल मानला नाही, आणि तेथे जुनीच पद्धत चालू राहिली. शिक्षकांची मोठीच पंचाईत झाली असणार, कारण एका आवृत्तीत बरोबर ठरणारे दुसरीत चूक ठरे. पुस्तकासाठी पैसे साठविणाऱ्या कारकुनाचा विचार या शोधकाने पुरेसा केला नाही, असे म्हणणे भाग आहे.

शाकाहारी, मद्य व तंबाखू वर्ज्य केलेला, पहाटेपासून मेजावर बसणारा हा माणूस इंग्रजी वर्णलेखन सुधारण्यासाठीही अखेरपर्यंत झिजला. त्यात यश आले नाही. १८९४ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. २२ जानेवारी १८९७ रोजी बाथ येथे त्यांचे निधन झाले. आपल्या वर्गांतून वर्षानुवर्षे शिकविली गेली ती १९२२ सालची ‘न्यू एरा’ आवृत्ती. तोवर दुरुस्त्या करणारे मूळ मास्तर जाऊन पंचवीस वर्षे लोटली होती.