समुद्रगाय पाहणारा माणूस



मी आज गेऑर्ग स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाची माहिती लिहीत आहे. त्याचा जन्म १७०९ साली जर्मनीत झाला. पुढे तो रशियात गेला. बेरिंग नावाच्या दर्यावर्दीने त्याला आपल्या जहाजावर घेतले. १७४१ साली ते अलास्काला पोचले. परत येताना नोव्हेंबरात जहाज एका ओसाड बेटाला लागले.

तिथं थंडी कडाक्याची, मोठं झाड एकही नाही. माणसं खड्डे खणून वर शिडाचं कापड घालून राहिली. पुष्कळांना स्कर्व्ही झाला होता. 'क' जीवनसत्त्व कमी पडलं की होतो ना, तोच. बेरिंग तिथंच वारला. स्टेलरने रानातला हिरवा पाला शोधून आजाऱ्यांना खायला दिला.

एवढ्या हालात तो जनावरं बघायचा आणि लिहून ठेवायचा. सील, समुद्री पाणमांजर, सामान पळवणारे धीट कोल्हे! आणि किनाऱ्यालगत चरणाऱ्या समुद्रगायी. लांबी सुमारे साडेसात मीटर, तोंडात दात नाहीत, खाणं समुद्रातलं शेवाळ. चालताना त्या पिल्लांना कळपाच्या मधोमध ठेवत. एक मादी मारली, तर तिचा नर दोन दिवस किनाऱ्याशी येत राहिला.

हे वाचून मला वाईट वाटलं, कारण ते मांस स्टेलरनेही खाल्लं होतं. पण उपाशी माणसं करणार काय? फुटक्या जहाजाच्या लाकडाची नवी होडी करून १७४२ साली ४६ जण परत आले.

स्टेलर १७४६ साली सायबेरियात वारला. वय फक्त ३७. त्याचं पुस्तक १७५१ साली निघालं. मागून कातड्यासाठी पाणमांजरं मारणारे शिकारी त्या बेटांवर गेले. खायला ते समुद्रगायी मारत. १७६८ नंतर एकही उरली नाही. स्टेलरने पाहिल्यापासून अवघ्या २७ वर्षांत! जिवंत समुद्रगाय पाहून लिहिणारा शास्त्रज्ञ तो एकटाच.

२०२१ पासून तिथं राष्ट्रीय उद्यान आहे. सील, पाणमांजर, देवमासे दिसतात. समुद्रगाय मात्र पुस्तकातच.

म्हणून मीही एक वही केली आहे. गावच्या तळ्यावर येणारे पक्षी त्यात लिहितो. तुम्हीपण लिहा, आणि गलोल घरी ठेवा.

— इयत्ता ७ वी