वडिलांच्या वयाशी शर्यत

लाल रंगाचे मुखपृष्ठ आणि त्यावर धावणाऱ्या माणसाचे फक्त दोन पाय. १९७७ साली अमेरिकेतील पुस्तकांच्या दुकानांत हे पुस्तक आले, तेव्हा धावण्यावरचे पुस्तक विकत घेऊन वाचणार कोण, असा प्रश्न प्रकाशनव्यवसायातल्या अनेकांना पडला असणार. ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’ मात्र ११ आठवडे खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मुखपृष्ठावरचे ते पीळदार पाय स्वतः लेखकाचे होते. लेखकाचे नाव जेम्स फिक्स. सारे जग त्यांना जिम फिक्स म्हणून ओळखू लागले.

सात वर्षांनी, २० जुलै १९८४ रोजी, व्हरमाँट राज्यातील हार्डविक या लहानशा गावी हाच माणूस रोजच्यासारखा धावायला बाहेर पडला आणि रस्त्याच्या कडेला मृतावस्थेत सापडला. वय ५२. कारण हृदयविकाराचा झटका. बातमी पसरली तशी चेष्टाही पसरली. व्यायाम टाळणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले आणि विनोदी कलाकारांनी पुढे कित्येक वर्षे या मृत्यूवर टाळ्या घेतल्या. फिक्स यांच्या वाट्याला आलेला हा सर्वांत मोठा अन्याय म्हटला पाहिजे. कारण त्यांच्या आयुष्याची कथा धावण्यापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते त्यांच्या वडिलांपासून.

फिक्स यांचा जन्म २३ एप्रिल १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील कॅल्व्हिन फिक्स ‘टाइम’ साप्ताहिकात संपादक होते. वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते सावरले, परंतु ४३व्या वर्षी हृदयानेच त्यांचा बळी घेतला. मुलगा तेव्हा अजून शिकत होता. पुढे ओहायोतील ओबरलिन महाविद्यालयातून पदवी घेऊन जिम यांनी वडिलांचाच पेशा पत्करला आणि निरनिराळ्या नियतकालिकांत संपादक म्हणून काम केले. बुद्धिमानांची संघटना असलेल्या ‘मेन्सा’चे ते सदस्य होते. १९७२ साली त्यांनी काढलेले अवघड कोड्यांचे पुस्तकही चांगले गाजले होते.

संपादकाच्या खुर्चीने जे द्यायचे तेही दिले. पस्तिशीत त्यांचे वजन १०० किलोच्या आसपास पोहोचले होते आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे संपत होती. टेनिस खेळताना पोटरीचा स्नायू दुखावला आणि पायाला बळकटी यावी एवढ्याच हेतूने त्यांनी १९६७ साली धावायला सुरुवात केली. वडिलांना पहिला झटका आला होता त्याच वयात मुलाने पहिले पाऊल टाकले. पहिल्या शर्यतीत ते शेवटचे आले. तरी धावणे सुटले नाही. सिगारेट मात्र सुटली, २५ किलोंहून अधिक वजन उतरले आणि हा स्थूल संपादक पुढे बोस्टन मॅरेथॉन धावू लागला. त्यांच्या पुस्तकाची खरी ताकद यातच होती. ते एखाद्या ऑलिंपिक विजेत्याने लिहिलेले नव्हते. आपल्यासारख्याच, जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाने लिहिले आहे, हे वाचकाला पानोपानी जाणवत असे.

त्या काळचे वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. मॅरेथॉन पूर्ण करू शकणाऱ्याला हृदयविकार जणू शिवतच नाही, असे प्रतिपादन कॅलिफोर्नियातील थॉमस बॅसलर हे डॉक्टर सत्तरच्या दशकात करीत होते. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स आदी संशोधकांनी मॅरेथॉन धावणाऱ्यांनाही झटका आल्याची उदाहरणे १९७९च्या सुमारास पुराव्यानिशी मांडली. तरीही मूळ कल्पनेची मोहिनी ओसरली नाही. वडील ४३व्या वर्षी गमावलेल्या माणसाला तिची मोहिनी किती वाटत असेल, हे सांगायला नको.

मृत्यूच्या काही महिने आधी फिक्स टेक्सासमधील डलास शहरी गेले होते. ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघरी पोहोचवणारे डॉ. केनेथ कूपर यांचे केंद्र तेथे होते. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करून घ्यावी, असा आग्रह त्यांना झाला; फिक्स यांनी नकार दिला. धावताना घशाशी, छातीशी आवळल्यासारखे होते, अशी तक्रार अखेरच्या आठवड्यांत त्यांनी जवळच्या माणसांकडे केल्याचेही नंतर सांगितले गेले. तरी धावणे थांबले नाही.

शवविच्छेदनात जे दिसले ते धक्कादायक होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपैकी एक ९५ टक्के, दुसरी ८५ टक्के आणि तिसरी ७० टक्के बंद झालेली होती. आधी येऊन गेलेल्या झटक्यांच्या खुणाही हृदयाच्या स्नायूवर उमटलेल्या होत्या. कूपर यांनी पुढे १९८५ मध्ये या साऱ्या प्रकरणावर एक पुस्तकच लिहिले.

योगायोग असा, की याच डलास शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत, मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन शास्त्रज्ञ त्याच वेळी बापाकडून मुलाकडे येणाऱ्या हृदयविकाराचे कोडे सोडवीत होते. यकृताच्या पेशींवर एक ग्राहक रेणू असतो; तो रक्तातले घातक कोलेस्टेरॉल पकडून आत ओढतो. ज्यांच्यात या रेणूच्या जनुकाची एक प्रत सदोष असते, त्यांच्या रक्तात जन्मापासूनच कोलेस्टेरॉल साचत राहते. उपचार न मिळाल्यास अशा पुरुषांना चाळिशी-पन्नाशीतच झटका येण्याचा धोका मोठा असतो. साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. फिक्स गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

फिक्स यांना हाच दोष होता, असे म्हणण्याला मात्र आधार नाही. त्या काळी अशी जनुकचाचणी उपलब्धच नव्हती आणि आनुवंशिकतेच्या वाटाही एकापेक्षा अधिक आहेत. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेला ‘लिपोप्रोटीन ए’ हा रक्तातील घटक असाच आहे. त्याचे प्रमाण बहुतांशी जनुकेच ठरवतात. आहार वा धावणे यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. २००७ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांना नवव्या गुणसूत्रावर असा एक भाग सापडला, की त्यातील विशिष्ट बदल आई व वडील दोघांकडूनही आलेला असल्यास झटक्याचा धोका लक्षणीय वाढतो. युरोपीय वंशाच्या लोकांत पाचापैकी एकाला तरी हा दुहेरी वारसा असतो. विशेष म्हणजे तो कोलेस्टेरॉल वा रक्तदाबाच्या वाटेने काम करीत नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासण्यांत त्याचा मागमूसही लागत नाही. आता तर असे धोका वाढवणारे शेकडो लहानलहान बदल ठाऊक झाले आहेत. एकेकाचा परिणाम नगण्य, पण सगळे एकाच्याच पदरी पडले तर बेरीज भारी होते.

जनुके वाचता येत नव्हती तेव्हाही घराण्याचा इतिहास वाचता येत होता. स्वीडनमधील सुमारे २१ हजार जुळ्यांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाचा ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर दुसऱ्याला अशाच मृत्यूचा धोका आठपट आढळला. एकसारखे नसलेल्या जुळ्यांत तो सुमारे चौपट होता. दोन्ही जोड्या एकाच घरात वाढलेल्या. म्हणजे फरक रक्तातलाच.

मग धावणे व्यर्थ गेले काय? २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष वेगळे सांगतो. ज्यांची आनुवंशिक जोखीम सर्वांत जास्त, त्यांच्यातही धूम्रपान न करणारे, स्थूलता टाळणारे, नियमित व्यायाम व योग्य आहार करणारे यांचा धोका बेफिकीर राहणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्याने कमी होता. निम्म्याने, शून्य नव्हे. या एका शब्दाच्या अंतरात फिक्स यांची सारी शोकांतिका सामावली आहे. धावण्याने त्यांना बरेच काही दिले. त्यांची चूक झाली ती तपासणी टाळण्यात आणि छातीने दिलेल्या सूचनेकडे पाठ फिरवण्यात. शिवाय पस्तिशीपर्यंत ओढलेल्या सिगारेटींचा हिशेबही धमन्यांनी ठेवलाच असणार.

उपचारांचेही तसेच. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रिया १९८४ मध्ये सर्रास होत होती आणि फिक्स यांच्या धमन्यांची अवस्था वेळीच कळती तर ती त्यांनाही सुचवली गेली असती. कोलेस्टेरॉल उतरवणारे पहिले स्टॅटिन औषध तेथील बाजारात आले ते १९८७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

वडिलांहून मुलगा नऊ वर्षे अधिक जगला. पहिली पस्तीस वर्षे वजनाची आणि धुराची, उरलेली सतरा धावण्याची. आजही हृदयरोगतज्ज्ञ नव्या रुग्णाला प्रारंभीच विचारतात, की घरात वडिलांना वा भावाला ५५ वर्षांच्या आत, आईला वा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला होता काय. फिक्स यांच्या बाबतीत हे उत्तर शोधण्यासाठी कुणा डॉक्टरची गरज नव्हती. पस्तिसाव्या वर्षीचा तो झटका आणि त्रेचाळिसाव्या वर्षीचा मृत्यू, दोन्ही त्यांनी स्वतःच त्या लाल मुखपृष्ठाच्या पुस्तकात नोंदवून ठेवले होते.