पत्र स्वस्त करणारा मास्तर : सर रोलंड हिल

बालमित्रांनो, पोस्टाचं तिकीट तुम्ही पाहिलंच असेल. ते ज्यांच्या खटपटीने सुरू झालं, त्यांची ही माहिती.

रोलंड हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडमधील किडरमिन्स्टर येथे झाला. वडील शाळामास्तर, घरची परिस्थिती बेताची. बाराव्या वर्षापासूनच रोलंड वडिलांच्या शाळेत शिकवू लागले.

त्या काळी पत्राचे पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. तेही अंतर आणि कागद मोजून! पोस्टमन दारात आला की गरिबाच्या पोटात गोळा यायचा. रोलंडच्या आईलाही हीच धास्ती. टपालाला पैसे हवेत म्हणून एकदा तिने रोलंडला जुने-फाटके कपडे विकायला धाडलं होतं.

पुढे हिल यांनी हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र नेण्याचा खरा खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग! बाकीचा खर्च होता तो दारोदार पैसे वसूल करण्याचा आणि नोंदी ठेवण्याचा. १८३७ साली त्यांनी पुस्तिका काढली. पत्र देशात कुठेही एका पेनीत जावं आणि पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरावेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

टपालखात्याच्या अधिकाऱ्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. पण लोकांना हिशेब पटला. लंडनच्या व्यापाऱ्यांनी समिती नेमली, पत्रकं वाटली, सह्या गोळा केल्या. पार्लमेंटकडे दोन हजारांवर अर्ज गेले. अखेर १८३९ साली कायदा झाला. १० जानेवारी १८४० पासून हलकं पत्र एका पेनीत जाऊ लागलं आणि ६ मे रोजी काळं तिकीट चालू झालं. १८३९ साली सुमारे साडेसात कोटी पत्रं गेली होती. १८४० साली ती सतरा कोटींच्या घरात गेली.

पोस्टाचं उत्पन्न मात्र सुरुवातीला घटलं. १८४२ साली हिल यांना कामावरून दूर केलं. पण लोक त्यांना विसरले नाहीत. वर्गणी काढून १८४६ साली लोकांनी त्यांना तेरा हजार पौंडांची थैली अर्पण केली. त्याच साली ते टपालखात्यात परत आले. १८६० साली ते 'सर' झाले. २७ ऑगस्ट १८७९ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या देशात १८५४ साली अर्ध्या आण्याचं तिकीट आलं आणि १८७९ साली एका पैशाचं पोस्टकार्ड.

मुलांनो, नुसता चांगला विचार पुरत नाही. तो हिशेबाने मांडावा, चार लोकांना पटवावा, म्हणजे कायदासुद्धा बदलतो, बरं का!