दगडांतला इतिहास वाचणारे हिस्लॉप

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज तुमच्यापैकी काहींनी आजोळी जाताना पाहिले असेल. १८८३ साली सुरू झालेले हे कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्यांची ही ओळख.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. ते मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली, गोंडांची गीते व शब्द टिपून ठेवले. गावोगाव फिरताना मात्र त्यांची नजर पायाखालच्या दगडांवर असे.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीत फळे, बिया, शिंपले यांचे जीवाश्म, म्हणजे दगड झालेले अवशेष शोधले. मांगलीची एक कवटी लंडनला गेली. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ती प्राचीन उभयचराची असल्याचे सांगितले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे हिस्लॉपना प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडेही मिळाली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला गेले होते. रात्री घोड्यावरून एकटेच परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय अवघे ४५.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८७७ मध्ये, जबलपूरच्या हाडांवरून 'टायटॅनोसॉरस' हे नाव दिले गेले. १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या हाडांनाही नाव मिळाले. हे लॅमेटा खडक पुढेही बोलत राहिले. गुजरातेत रहिओली येथे १९८२ ते १९८४ दरम्यान सुरेश श्रीवास्तव आदींनी काढलेल्या हाडांतून, कपाळावर बुटके शिंग असलेला एक मांसाहारी डायनोसॉर उभा राहिला! २००३ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याचे 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असे बारसे केले.

आपल्या कुवेतमधील बुरगानचे तेल १९३८ साली सापडले, तेही डायनोसॉरांच्याच काळातल्या खडकांत. मात्र तेल डायनोसॉरांचे नव्हे, समुद्रातील सूक्ष्म जीवांचे बनते, हे लक्षात ठेवा.

दगड कुठे मिळाला, वर-खाली कोणता थर होता, याची नोंद हिस्लॉप ठेवत. आम्हा संगणकवाल्यांनाही ठाऊक आहे, नोंदीविना माहिती म्हणजे नुसता ढिगारा. सुट्टीत गावी गेलात, वेगळा दगड दिसला, तर आधी वहीत जागा लिहा. मराठीत!