अक्षरांचे उपासक हारुत्यून

काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या दरम्यान आर्मेनिया नावाचा एक डोंगराळ देश आहे. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स नावाच्या विद्वान साधूने तेथील भाषेसाठी ३६ अक्षरांची स्वतंत्र लिपी तयार केली. पुढे त्या देशावर परचक्रे आली आणि तेथील लोकांना वारंवार आपली घरेदारे सोडावी लागली. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणचा बादशहा शहा अब्बास याने हजारो आर्मेनियन कुटुंबांना आपल्या राज्यात नेले आणि इस्फहान नगराजवळ वसविले. तेथून हे लोक व्यापारासाठी सुरत, मद्रास, कलकत्ता अशा दूरदूरच्या बंदरांत जाऊन राहिले. राज्य गेले, भूमी दुरावली, पण अक्षरे मात्र त्यांनी जिवापाड जपली. या अक्षरांच्या सेवेतच ज्यांनी आपले दुःख विसर्जित केले, त्या हारुत्यून श्मावोनियन यांचे हे चरित्र आहे.

हारुत्यून यांचा जन्म इ. स. १७५० मध्ये इराणातील शिराझ या नगरात झाला. ते पुढे धर्मोपदेशक झाले. त्यांच्या पंथात धर्मोपदेशकाला विवाह करण्यास आडकाठी नसते. त्यामुळे त्यांचा संसार होता आणि त्यांना दोन मुलगे होते. परंतु दैवाला त्यांचे सुख पाहवले नाही. थोड्याच दिवसांच्या अंतराने त्यांचे दोन्ही मुलगे मृत्यू पावले. आजवर दुसऱ्यांचे सांत्वन करणाऱ्या हारुत्यून यांना स्वतःचे सांत्वन करणे अशक्य झाले. घरदार सोडून ते एकांतात गेले आणि सुमारे सात वर्षे दरवेशांच्या म्हणजे इराणातील वैराग्यांच्या सहवासात राहिले. त्या काळात त्यांनी फारसी भाषेचा सखोल अभ्यास केला. दुःखाची धार विद्याव्यासंगाने हळूहळू बोथट झाली. त्यांचे मन पुन्हा जनसेवेकडे वळले.

इ. स. १७८४ मध्ये हारुत्यून मद्रासला आले. आज या शहराला चेन्नई म्हणतात. त्या वेळी तेथे आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती चांगली भरभराटीस आली होती. कापड, रत्ने, नीळ यांचा व्यापार करून त्यांनी संपत्ती मिळविली होती आणि लोकोपयोगी कामांसाठी ती खर्चही केली होती. पेत्रुस वोस्कान नावाच्या त्यांच्यातील एका व्यापाऱ्याने इ. स. १७२६ मध्ये अड्यार नदीवर स्वखर्चाने पूल बांधला होता. १७७२ मध्ये शहामीर शहामिरियन यांनी मद्रासमध्ये आर्मेनियन मुद्रणालय काढले होते. अशा या वस्तीच्या प्रार्थनामंदिरात हारुत्यून धर्मोपदेशकाचे काम पाहू लागले.

धर्मकार्य करीत असताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपले लोक देशोदेशी विखुरलेले आहेत. एका बंदरातील माणसाला दुसऱ्या बंदरातील बांधवांची वार्ता पत्रावाचून कळत नाही, आणि पत्र पोहोचण्यास महिनेच्या महिने लागतात. परमुलखात वाढणाऱ्या मुलांना आपल्या पूर्वजांचा इतिहासही ठाऊक नसतो. या सर्वांना एका धाग्यात ओवायचे, तर छापील अक्षरांसारखे दुसरे साधन नव्हते. म्हणून इ. स. १७८९ मध्ये हारुत्यून यांनी स्वतःचे मुद्रणालय सुरू केले.

त्या काळी मुद्रणाचे काम अत्यंत कष्टाचे होते. प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागे. त्यावरून साचा करून वितळलेली धातू ओतली, म्हणजे खिळा तयार होई. असे शेकडो खिळे एकेक करून जुळवायचे, त्यांवर शाई लावायची आणि हाताने यंत्र दाबून एकेक कागद छापायचा. मद्रासच्या बाजारात आर्मेनियन लिपीचे खिळे कोठून मिळणार? हारुत्यून यांनी ते स्वतःच घडविले. कागददेखील त्यांनी स्वतः तयार केला असे सांगतात. जी बोटे प्रार्थनेसाठी जुळत, तीच आता शाईने काळी होऊ लागली.

अखेर ऑक्टोबर १७९४ मध्ये त्यांच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. मासिकाचे नाव होते ‘अझ्दारार’, म्हणजे वार्ता देणारा. आर्मेनियन भाषेतील जगातले हे पहिले नियतकालिक होय. ते आर्मेनियात नव्हे, तर तेथून हजारो मैल दूर असलेल्या आपल्या भारतात जन्मास आले, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत १८३२ मध्ये सुरू केले. त्यापूर्वी सुमारे ३७ वर्षे अझ्दारारचा हा उपक्रम झाला होता.

या मासिकात जहाजांच्या येण्याजाण्याच्या व व्यापाराच्या बातम्या असत. इंग्रजी वृत्तपत्रांतील वृत्तांचे अनुवाद असत. त्याखेरीज आर्मेनियन लोकांचा इतिहास आणि बोधपर व वाङ्मयीन लेखही त्यात येत. त्यामुळे व्यापाऱ्याला बाजाराची माहिती मिळे आणि तिच्या शेजारच्या पानावर आपल्या पूर्वजांची ओळखही होई. हारुत्यून यांच्या विद्वत्तेची कीर्ती आर्मेनियन समाजाबाहेरही पोहोचली. १७९५ मध्ये अर्काटच्या नवाबाने त्यांना अरबी व फारसी लिपीतील मजकूर छापण्याचीही परवानगी दिली. दुःखाच्या काळात मिळविलेली विद्या अशी उपयोगी पडली.

परंतु मासिकाचा खर्च मोठा होता आणि वर्गणीदार फारच थोडे होते. मद्रासमधील मूठभर वाचकांच्या बळावर ते किती काळ चालणार? अठरा अंक निघाल्यावर १७९६ मध्ये ‘अझ्दारार’ बंद पडले. कष्टाने लावलेले रोप दोन वर्षेही जगू नये, याचे हारुत्यून यांना वाईट वाटले असेल. तरीही त्यांनी मद्रास सोडले नाही. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी तेथील लोकांची सेवा केली. फेब्रुवारी १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. चेन्नईतील आर्मेनियन रस्त्यावरच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे.

रोप सुकले, तरी बीज वाया गेले नाही. १८४३ मध्ये व्हेनिस येथील आर्मेनियन साधूंनी ‘बाझ्मावेप’ हे नियतकालिक सुरू केले. १८४५ मध्ये मेस्रोप ताघियाद्यान यांनी कलकत्त्यात ‘अझ्गासेर’ काढले. पुढे जेथे जेथे हे लोक गेले, तेथे तेथे त्यांनी आपल्या भाषेतील नियतकालिके चालविली. आर्मेनियात आजही ‘अझ्दारार’च्या पहिल्या अंकाच्या स्मरणार्थ ऑक्टोबर महिन्यात वृत्तपत्र दिन पाळला जातो.

कार्याची थोरवी ते किती दिवस टिकले यावरून ठरत नाही. त्यातून पुढे किती जणांना प्रेरणा मिळाली, यावरून ती ठरते. हारुत्यून यांनी आपली दोन मुले गमावली, परंतु विखुरलेल्या एका संपूर्ण समाजाच्या मुलांसाठी त्यांनी अक्षरांचा दिवा लावून ठेवला.