१३ जणांची मोट बांधणारे डिग्ज

चार्ल्स डिग्ज यांनी १९५५मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात पाऊल ठेवले, तेव्हा ४३५ सदस्यांत कृष्णवर्णीय अवघे ३ होते. डेट्रॉइटमध्ये १९२२ साली जन्मलेले डिग्ज हे मिशिगन राज्यातून निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी. घरचा व्यवसाय अंत्यसंस्कारांचा.

त्याच वर्षी मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. तो आपल्या मतदारसंघातला नाही, हा विचार न करता डिग्ज खटल्याला जाऊन बसले. श्वेतवर्णीय ज्यूरींनी आरोपींना निर्दोष सोडले. एकट्यादुकट्या सदस्याची उपस्थिती किती तोकडी ठरते, याचा हा विदारक अनुभव होता.

संख्या वाढू लागताच १९६९मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय प्रतिनिधींना एकत्र आणले. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी मात्र त्यांना भेट नाकारली. अखेर जानेवारी १९७१मध्ये या प्रतिनिधींनी निक्सन यांच्या वार्षिक अभिभाषणावर बहिष्कार टाकला. मार्चमध्ये व्हाइट हाउसचे दार उघडले आणि ६०हून अधिक शिफारशी अध्यक्षांपुढे ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी 'काँग्रेशनल ब्लॅक कॉकस' हे नाव धारण केलेल्या या १३ जणांच्या गटाचे पहिले अध्यक्षपद डिग्ज यांच्याकडे आले. शर्ली चिझम, जॉन कॉन्यर्स, रोनाल्ड डेलम्स हे त्यांचे सहकारी. आफ्रिकाविषयक उपसमितीच्या प्रमुखपदावरून डिग्ज यांनी दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्धही सातत्याने आवाज उठवला.

उत्तरार्ध मात्र काळवंडला. कर्मचाऱ्यांच्या वेतनाची रक्कम स्वतःसाठी वळवल्याबद्दल १९७८मध्ये ते दोषी ठरले. मतदारांनी तरीही त्यांना निवडून दिले. पण जुलै १९७९मध्ये सभागृहाने ४१४ विरुद्ध ० मतांनी त्यांच्या निषेधाचा ठराव संमत केला. त्यांनीच उभ्या केलेल्या गटातूनही विरोधात एक मत पडले नाही. १९८०मध्ये राजीनामा, मग तुरुंगवास आणि सुटकेनंतर पुन्हा अंत्यसंस्कारांचा व्यवसाय, असा हा परतीचा प्रवास होता. १९९८मध्ये त्यांचे निधन झाले.

संस्थापकाच्या पतनाने गट मात्र मोडला नाही. १९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले, त्यामागे या गटाचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. १३ जणांचा हा गट २०२५मध्ये ६०हून अधिक सदस्यांचा झाला होता. डिग्ज यांच्या नावाला लागलेला डाग पुसला गेला नाही; त्यांनी बांधलेली मोटही सुटली नाही.